वलंचुळीचा गणपती आणि गाडीचं नाक

कुंभकोणमात गाड्या दुरुस्त करणारी गॅरेजं पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकाकडूनच गाडी दुरुस्त करून घेणारं मात्र एकच होतं. स्वामिमलैच्या रस्त्याला, नारळाच्या चार झाडांखाली पत्र्याची शेड, आणि दारावर तमिळमध्ये रंगवलेली पाटी : 'इथे सर्व प्रकारच्या गाड्या दुरुस्त होतात.' कोण करतं, हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं. ते आत गेल्यावर कळायचं.

आत वेताच्या आरामखुर्चीत रायर बसलेले असायचे. आमच्या गावात मराठी माणसाला सगळे रायरच म्हणतात. मलाही म्हणतात, माझ्या वडिलांनाही म्हणायचे. पण नुसतं 'रायर' म्हटल्यावर डोळ्यांपुढे यायचे ते हे. मी त्यांना मामा म्हणायचो. अंगावर पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, कपाळाला गंध, मांडीवर ताडाच्या पानाचा पंखा. उभा जन्म गॅरेजात गेलेल्या माणसाच्या वेष्टीवर ग्रीसचा एक ठिपका नसायचा. कारण सरळ होतं. कित्येक वर्षांत त्यांनी पान्याला हात लावलेला नव्हता. पाना गिऱ्हाइकानं धरायचा. मामा पंख्याच्या दांड्यानं बोल्ट दाखवायचे आणि कॉफी प्यायचे.

नवखं गिऱ्हाईक यायचं, किल्ली पुढे करायचं. मामा किल्लीकडे बघायचेसुद्धा नाहीत.

"कुणी बिघडवली?"

"बिघडवली असं नाही, रायर. आपोआप..."

"आपोआप गाडी दाराबाहेर तरी जाते का? हातानं बिघडवलीस, हातानं नीट कर. मी बसलोय इथं."

निम्मी गिऱ्हाइकं इथूनच परत फिरायची. उरलेली निम्मी वेष्टी गुडघ्यावर बांधून गाडीखाली शिरायची. गावातले नामांकित दातांचे डॉक्टर तिथं उताणे पडलेले मी पाहिलेत. बाहेर फक्त त्यांचे बूट दिसायचे आणि आतून 'आ' ऐकू यायचं, तेही त्यांचंच. शाळेच्या एका मुख्याध्यापिकाबाईंनी तिथं क्लचची तार बदलली आणि पुढे कित्येक महिने प्रार्थनेनंतर मुलींना तेच सांगितलं. गंमत म्हणजे जाताना सगळे मामांचे आभार मानून जायचे. घाम आपला, बोटं आपली चेंगरलेली, आणि आभार खुर्चीतल्या माणसाचे! देवस्थानं चालतात ती याच तत्त्वावर, असं माझ्या बायकोचं मत आहे.

आता माझ्याविषयी. मी बँकेतून स्वेच्छेनं निवृत्त झालो. 'स्वेच्छेनं' हा शब्द बँकेचा आहे. घरी बसून दोन महिने झाल्यावर बायकोनं आपली स्वेच्छा व्यक्त केली की मी दुपारी तरी कुठंतरी जावं. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारात होते, असं आमच्या घरात सांगतात. दरबारात ते काय करत, हे विचारलं की सांगणाऱ्याला एकदम कामं आठवतात. एका चुलत्यांनी मात्र खात्रीनं सांगितलं होतं की ते महाराजांची पालखी दुरुस्त करायचे. तेव्हा वाहनांची दुरुस्ती आपल्या रक्तातच आहे, अशी माझी समजूत झाली, आणि फोनवर चार चित्रफिती बघून ती पक्की झाली.

मामांना मी हे अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, "पालखी? तिला इंजिन कोठे असतं? भोई असतात. भोई बिघडला की दुसरा लावायचा. ये, आफिसर, ये. तुझ्या घराण्यात अडीचशे वर्षं कुणी काम केलं नाही, तू तरी कर."

तेव्हापासून मी 'आफिसर' झालो. बँकेत सगळा जन्म गेला, पण तिथं मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं, ते इथं मिळालं. फक्त त्याचा अर्थ 'गाढव' असा होता.

माझी गाडी पंधरा वर्षांची. हिच्यातून घरातल्या तीन पोरींना दिवस गेल्यावर तिरुक्करुगावूरला गर्भ राखणाऱ्या देवीच्या दर्शनाला नेलं. पुढे पुढे गाडीलाच दिवस गेल्यासारखं झालं. सकाळी सुरू करायला गेलं की उमासे, पोटात पेट्रोल राहायचं नाही, मागून काळा धूर, आणि समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा रात्रंदिवस पेटलेला. गाडीला पंधरा वर्षं पुरी होत होती, म्हणजे नोंदणी नव्यानं करायची, आणि त्याआधी धुराची तपासणी. बायको आणि मुलगी दोघींचं एकमत होतं की गाडी भंगारात द्यावी. आमच्या घरात एकमत सहसा होत नाही, म्हणून मी घाबरून गाडी मामांकडे नेली.

मामांची रोग ओळखण्याची पद्धत अशी. गाडी सुरू ठेवायला सांगायचे, खुर्ची सायलेन्सरच्या नळीजवळ ओढायला लावायचे, पंख्यानं धूर आपल्याकडे वारायचे आणि डोळे मिटून आधी डाव्या नाकपुडीनं, मग उजव्या नाकपुडीनं वास घ्यायचे. गवई षड्ज लावतो तसा चेहरा. मी आदरानं उभा.

"हिचं नाक गेलंय," ते म्हणाले. "जास्त खातेय, आणि जास्त खातेय हे तिला कळत नाहीय. तुझ्या आत्याच्या यजमानांसारखं."

माझ्या आत्याच्या यजमानांचं यांना काय माहीत? पण कुंभकोणमात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

नाक म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. इंजिनातून निघालेल्या धुरात प्राणवायू किती उरलाय, हे हुंगणारा बोटाएवढा एक नग असतो. तो हुंगून सांगतो, त्याप्रमाणे इंजिन पेट्रोल कमीजास्त करतं. माझ्या गाडीला असे दोन होते. एक धूर गाळणाऱ्या डब्याच्या अलीकडे, एक पलीकडे. अलीकडचा हुंगून स्वयंपाकाला सांगतो, पलीकडचा डबा काम करतोय का त्यावर पाळत ठेवतो. सून आणि सासू, असं मामा समजावून सांगायचे. पंधरा वर्षांत दोघींची नाकं काजळीनं बुजली होती.

हे सगळं नवरात्राच्या तोंडावर झालं, आणि नवरात्राला मामांची मुलगी चेन्नईहून यायची. मामा एकटे, ऐंशीच्या घरातले. ही मोटारींच्या कारखान्यात तपासणीच्या खात्यात मोठ्या जागेवर. दर वर्षी 'अप्पा, शेड बंद करा, माझ्याकडे चला' म्हणायची आणि दर वर्षी रिकाम्या हातानं जायची. त्या वर्षी मात्र ती पक्कं ठरवून आली होती. येतानाच बापाची औषधं ठेवायला कप्प्याकप्प्याची डबी आणि सहाव्या मजल्यावरच्या खोलीचा फोटो घेऊन आली होती.

मी तेव्हा शेडमध्येच होतो. ती उभी, मामा खुर्चीत.

"अप्पा, तुमच्या शेडमधून गेलेल्या दोन गाड्या धुराच्या तपासणीत नापास झाल्यायत. गावभर झालंय. आताच्या गाड्या हुंगून नीट होत नाहीत. लोकांना त्रास, तुम्हाला त्रास. बास आता."

मामांचा पंखा थांबला. मग त्यांनी दांडा माझ्यावर रोखला.

"हा दिसतो का? आफिसर. ह्याच्यापेक्षा मठ्ठ माणूस ह्या शेडमध्ये आला नाही. परवा बॅटरीची तार सोडायला सांगितली तर हॉर्नची सोडली. मी ह्याच्याकडून, ह्याच्या हातानं, दोन्ही नाकं बदलून घेतो. ती गाडी तपासणीत पास झाली तर मी इथंच. नापास झाली तर पाटी उतरव, मी तुझ्याबरोबर गाडीत बसतो. बेस?"

"बेस," मुलगी म्हणाली. बापाची हट्टी हनुवटी तिच्याकडे आली होती.

अशा रीतीनं एका माणसाची उभ्या जन्माची खुर्ची माझ्या हातावर येऊन पडली. निवड गुणांवर झाली असती तर मला अभिमान वाटला असता. ती मठ्ठपणावर झाली होती, त्यामुळे नुसता घाम फुटला.

जुना सेन्सर काढणं म्हणजे जुना भाडेकरू काढणं. मामांनी आधी इंजिन दहा मिनिटं चालवून बंद करायला लावलं. धातू कोमट असताना सैल होतो म्हणून. मी कोमटऐवजी गरम असतानाच हात घातला. मनगटावर त्याची खूण अजून आहे. घड्याळ घातलं की झाकते. मग गंज सोडवणारं तेल मारून बसलो. मग एका बाजूला उभी खाच असलेलं सॉकेट, खाच अशासाठी की सेन्सरची तार तिच्यातून बाहेर यावी. मी ते उलटं लावून तासभर झुंजलो. मामा कॉफी पीत होते.

"मामा, हलत नाहीय."

"तू कुठल्या बाजूला फिरवतोयस?"

मी सांगितलं.

"मग हलेल कसं? तू घट्ट करतोयस. चालू दे. व्यायाम होतोय."

संध्याकाळी सून निघाली. दुसऱ्या दिवशी सासूही निघाली, पण आमच्या शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल अशी किंचाळून. घट्ट किती करायचं, हेही मामांनी तेव्हाच सांगून ठेवलं. "व्याह्याचा हात धरतोस तेवढं. सुटू नये आणि दुखू नये."

नवे दोन सेन्सर तिरुच्चीहून आले. मी डबा उघडला, आणि मामा पहिल्यांदाच खुर्चीतून अर्धे उठले.

"टोकाला हात लावायचा नाही! ते भोकंभोकं असलेलं टोक दिसतंय ना? तेच नाक. तेल नाही, पाणी नाही, बोट नाही. वलंचुळीचा पांढरा गणपती बघितलायस ना? समुद्राच्या फेसाचा. त्याला अभिषेक नाही, गंध नाही, गुरुजीसुद्धा बोट लावत नाहीत. लांबून भीमसेनी कापराची पूड भुरभुरायची आणि मागं सरायचं. हे टोक तसं. म्हण."

"काय म्हणू?"

"वलंचुळी म्हण."

मी तीन वेळा वलंचुळी म्हणालो. वर्षाला एकदा त्या देवळात जाणारा माणूस मी, पण त्या देवाचा स्वभाव मला त्या दिवशी कळला. टोकाला प्लॅस्टिकची टोपी होती, ती तशीच ठेवून मी डबा बंद केला. बसवायचं विजयादशमीला, असं ठरलं. आदल्या दिवशी आयुधपूजा.

आमच्याकडे आयुधपूजा म्हणजे शेडमधला सगळ्यात मोठा सण. वर्षभर ज्या मामांनी पान्याला हात लावला नाही, ते त्या एका दिवशी प्रत्येक पान्याला हात लावायचे, पण तो गंधाचा. केळीच्या पानावर ओळीनं लोखंडी पाने, हातोड्या, जॅक, पकडी. मामा मंत्र म्हणत, डोळे अर्धवट मिटलेले, उजव्या हाताच्या तीन बोटांनी गंध, मग कुंकू, पुढचं अवजार. गंध, कुंकू, पुढचं. मुलगी आत सुंडलला, म्हणजे नैवेद्याच्या हरभऱ्याच्या उसळीला, फोडणी देत होती.

"आफिसर, नवी नाकंही ठेव पानावर."

मी डबा ठेवला.

"देवापुढे डबा ठेवतात का वस्तू ठेवतात? काढ. आणि ती टोपी काढ. देवापुढे टोपी घालून बसवतोस?"

मी टोप्या काढल्या. मामा आले. पाना, गंध, कुंकू. हातोडी, गंध, कुंकू. सेन्सर...

मी पाहिलं. तीन बोटं त्या भोकाभोकांच्या टोकावरून सफाईनं खाली आली, दंडावरच्या षट्कोनी भागापर्यंत गंधाचा पिवळा पट्टा, त्यावर कुंकवाचा ठसठशीत टिळा. मग दुसऱ्या सेन्सरला तसंच. इतक्या वर्षांचा सराव होता तो हाताचा. डोक्याला विचारायची त्याला गरजच नव्हती. 'मामा, वलंचुळी!' असं ओरडायला माझी जीभ उचललीही होती. पण मंत्र चालू होता, आणि मला वाटलं, पूजेपुरती सूट असेल. आपल्याकडे देवाचं नाव घेतलं की कुठल्याही नियमाला सूट असते. शिवाय गुरूला नियम सांगणारा शिष्य मी कुठल्याच गोष्टीत वाचलेला नाही.

पुढचा मूर्खपणा संपूर्ण माझा. विजयादशमीला सकाळी मी टोकाचं गंध वेष्टीच्या टोकानं पुसलं. पुसलं म्हणजे त्या बारीक भोकांमध्ये नीट बोटानं भरलं. वर फुंकर मारली. मग व्याह्याचा हात धरावा तेवढ्या जोरानं दोन्ही सेन्सर बसवले. मामा खुर्चीतून म्हणाले, "बघ, पालखीवाल्याच्या पोरानं केलं की नाही!" इतकं कौतुक माझं आईनंही केलं नव्हतं.

सोमवारी तपासणीच्या टपरीवर आम्ही तिघं. टपरीवाल्यानं नळी सायलेन्सरमध्ये घातली, पडद्यावर आकडे चढत गेले, चढत गेले, आणि त्यानं मान हलवली. पिवळा दिवा तर येतानाच पेटला होता. मी त्यावर माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा तुकडा लावून ठेवला होता. परत येताना मामा खिडकीबाहेर बघत होते. अरसलार नदीवरच्या पुलावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्या सहाव्या मजल्यावर वारा येतो का?"

"येतो, अप्पा," मुलगी म्हणाली. तिनं आपल्या बाजूची काच थोडी खाली केली.

शेडमध्ये आल्यावर ती म्हणाली, "पुढचा सेन्सर काढा. बघू."

मी काढला, या वेळी बरोबर बाजूला फिरवून. तिनं हातमोजा घालून तो घेतला आणि उजेडात धरला. टोक करपून भोकं बुजलेली. आणि वर, जिथं आच तेवढी पोचत नाही त्या षट्कोनी भागावर, भाजून पक्का झालेला गंधाचा पट्टा, त्यात कुंकवाचा टिळा. कुंभकोणमातल्या कुठल्याही सुवासिनीनं इतका टिकाऊ टिळा कधी लावला नसेल.

ती टिळ्याकडे बघत होती. मामा टिळ्याकडे बघत होते. पंखा थांबला होता.

मी म्हणालो, "माझी चूक. मामांनी दहादा सांगितलं होतं टोकाला हात लावू नकोस. मी लावला. हात तेलाचे होते."

मुलीनं सेन्सर माझ्याकडे वळवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "अण्णा, तुमच्या हाताला कुंकू लागतं का?"

बँकेत लेखापरीक्षकापुढे मी असाच उभा राहायचो, हात पोटावर घेऊन. मी म्हणालो, "सणाचे दिवस आहेत."

आणि मामा कडाडले, "मूर्खा! सांगितलं होतं ना मी! वलंचुळी म्हणून तीनदा म्हणवून घेतलं होतं ना! हात लावायचा नाही म्हणजे नाही! अडीचशे वर्षं पालखीला हात लावणाऱ्यांची अवलाद, ह्यांना कुठं हात लावायचा नाही हे कसं कळणार!"

बोलत बोलत पंखा पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा जोरानं. मुलगी बापाकडे बघत होती. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, तिनं तो दाताखाली धरला. मग सेन्सर कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

"म्हणजे शिकवण्यात चूक नव्हती," ती म्हणाली. "विद्यार्थ्यात होती. विद्यार्थ्याला पुन्हा परीक्षेला बसू द्यावं लागेल."

दोन दिवसांत तिनं चेन्नईहून नवे दोन सेन्सर मागवले. या वेळी टोपी शेवटच्या क्षणाला काढली, ती तिच्या समोर, आणि मी श्वाससुद्धा बाजूला सोडला. पिवळा दिवा विझला. लग्नपत्रिकेचा तुकडा उगाच चिकटलेला राहिला. टपरीवर आकडे चढले, थबकले आणि खाली आले. मामा पडद्याकडे बघतच नव्हते. ते नळीपाशी वाकून, डोळे मिटून, आधी डावी नाकपुडी, मग उजवी.

"पास," ते म्हणाले. टपरीवाल्याच्या आधी म्हणाले.

मुलगी एकटीच चेन्नईला गेली. औषधांची डबी ठेवून गेली. मामा तिच्यात वॉशर ठेवायचे.

आणि माझी बदनामी सुरू झाली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मामा ती गोष्ट सांगायचे, मी समोर असताना. पहिल्या आठवड्यात माझे हात तेलाचे होते. दिवाळीपर्यंत ते सांबाराचे झाले. पोंगलला मी हातात वडा घेऊन सेन्सर बसवत होतो. दातांच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात हात घालून मला विचारलं, "तो वडा मेदूवडा होता की साधा?" उत्तर देता आलं नाही. बायको चिडायची. "खरं काय ते सांगून टाका एकदा. त्यांनी गंध लावलं, तुम्ही मुकाट बघितलं. आणि आता मुकाट ऐकून घेताय. हा कसला स्वभाव!"

पण मला एकच चुटपुट होती, आणि ती वेगळी होती. मामांना खरंच माहीत नव्हतं का? तो टिळा बघूनही? इतक्या जोरानं ओरडणाऱ्या माणसाला माहीत नसणं शक्य होतं. आणि माहीत असणंही. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. चेहऱ्यापुढे पंखा असायचा.

पुढच्या वर्षी आयुधपूजेला केळीचं पान तसंच मांडलं. मुलगी आत सुंडलला फोडणी देत होती. डॉक्टरांच्या गाडीचं नाक गेलं होतं, म्हणून पानावर पान्यांच्या शेजारी एक नवा सेन्सर होता, टोपी काढलेला. टोपी मामांनीच काढायला लावली होती. देवापुढे टोपी चालत नाही, हा नियम काही बदलला नव्हता. मंत्र सुरू झाला. डोळे अर्धवट मिटलेले. पाना, गंध, कुंकू. हातोडी, गंध, कुंकू. जॅक, गंध, कुंकू.

मी मनात वलंचुळी म्हणालो.

तीन बोटं सेन्सरच्या वर आली आणि हवेतच थांबली. मंत्र थांबला नाही. मामांनी बोटांचं गंध डाव्या तळहाताला पुसलं, कनवटीला हात घातला आणि एक छोटी पुडी काढली. पुडी सोडल्याबरोबर भीमसेनी कापराचा वास शेडभर झाला. चिमूट उचलून, चांगली हातभर लांबून, त्यांनी ती सेन्सरच्या दिशेनं हवेत भुरभुरली आणि दोन पावलं मागे सरले. मग पुढचं अवजार. गंध, कुंकू.

पूजा आटपली. मामा खुर्चीत बसले, पंखा उचलला, आणि दारात आलेल्या एका नव्या गिऱ्हाइकाला दांड्यानं मला दाखवून सांगायला लागले, "हा बघ, आफिसर. सेन्सर बसवताना एका हातात वडा..."

सांगता सांगता त्यांनी सुंडलचा द्रोण माझ्यापुढे केला. माझ्याकडे न बघता.

"घे. आणि हात धुऊन घे."